गच्चीवरून ऐकलेले तमाशे

मंचरच्या कॉलेजात माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिनं जन्मात एकही तमाशा, एकही ऑर्केस्ट्रा, एकही गाण्याचा कार्यक्रम समोर बसून बघितलेला नव्हता, आणि पंचक्रोशीत झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाबद्दल तिचं मत मात्र तयार असायचं. ते मत बहुतेक वेळा एकाच शब्दात असायचं. टुकार.

तिला सगळे 'शेठची पोरगी' म्हणत. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण पणजोबांच्या वेळेपासून मंचरच्या बाजारपेठेत. खाली कांदा-बटाट्याची आडत, वर घर, त्यावर गच्ची. पौषापासून वैशाखापर्यंत आमच्या भागात कुठल्या ना कुठल्या गावची जत्रा असतेच, आणि जत्रा म्हटली की तमाशाचा फड आणि उंच बांधलेले भोंगे. शेठच्या घरातल्या मुलींनी जत्रेच्या तंबूत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता. गच्चीवर जायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. ही बया रोज जेवणं उरकली की गोधडी घेऊन गच्चीवर जायची आणि झोप येईपर्यंत तमाशे ऐकायची. वारा घोड नदीकडून असला की कुठलं गाव, हायवेकडून असला की कुठलं, हे तिला पाठ होतं. मधे ट्रकचे हॉर्न वाजले की ती ट्रकवाल्यांनाही टुकार म्हणायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं यायची ती लाल डोळ्यांनी, केसांत तंबूतली धूळ घेऊन. त्यांच्या अंगात रात्रीची मस्ती असायची. ही बाकावर दप्तर टेकवायच्या आत सुरू व्हायची.

"ढोलकीवाला बदललाय ना रे? दुसऱ्या लावणीला पळत होता नुसता."

"आमी म्होरं बसलो व्हतो," एखादा फुशारायचा. "तुला घरात बसून काय म्हाईत?"

"पुढं बसून तू ऐकलंस काय? तू बघत होतास."

पोरी फिदीफिदी हसायच्या आणि त्या मुलाचं तोंड एवढंसं व्हायचं. कमाल अशी की चार दिवसांनी तोच मुलगा हळूच तिच्या बाकापाशी यायचा आणि विचारायचा, "काय, राती कसा झाला?" म्हणजे तमाशा बघायला गेलेला हा, जागरण केलेलं यानं, आणि तो चांगला झाला की वाईट हे विचारायचं हिला. एवढे मेंढरांच्या वृत्तीचे मुलगे मी पुढं कुठल्याही ऑफिसात पाहिले नाहीत.

मला ती आवडायची नाही हे सांगून टाकते. आमच्या घरी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांची एक कॅसेट होती. माझी आत्या ती लावून भाकऱ्या थापायची, त्या कॅसेटवर तिचा फार जीव. शेठची पोरगी एकदा घरी आली, दोन गाणी उभ्याउभ्या ऐकली आणि आत्याच्या तोंडावर म्हणाली, "गाणारा चांगलाय. कोरस वेगळ्याच गावाला चाललाय." आत्या बिचारी हसली. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. पण नंतर कॅसेट लावली की मला तो कोरसच ऐकू यायला लागला. खरोखरच तो वेगळ्या गावाला चालला होता. त्याचा मला जास्त राग आला.

कॅसेटींबद्दल तिचे कायदे होते. पहिला कायदा, ए बाजू लोकांसाठी असते, बी बाजू गाणाऱ्यासाठी. दुकानात कॅसेट लावून दाखवतात ती ए बाजू, म्हणून कंपनी सगळा तामझाम तिथं भरते. खरं काय ते बी बाजूला तिसऱ्या-चौथ्या गाण्यावर सापडतं. दुसरा कायदा, भरतीची गाणी खोडायची. तिच्याकडच्या प्रत्येक कॅसेटच्या कव्हरावर बॉलपेनानं अर्ध्याहून जास्त गाण्यांवर काट मारलेली असायची. तिसरा कायदा, गाणं पुढं पळवणाऱ्या माणसाला कॅसेट द्यायची नाही. "ज्याला गाणं पुरतं ऐकवत नाही त्यानं बाजारभाव ऐकावेत," असं ती म्हणायची. टीव्हीवर तेव्हा हिंदी पॉपचे अल्बम धडाधडा येत होते आणि आमचा अख्खा वर्ग त्यांवर नाचत होता. तिचा सल्ला होता, टीव्हीकडं पाठ करून ऐका आणि सांगा काय उरतं. आम्ही पाठ केली. फारसं काही उरलं नाही. पाठ केल्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. चांगले आनंदात होतो.

गणपतीत पुण्याचा एक ऑर्केस्ट्रा आला होता. "झेरॉक्स आहे," ती म्हणाली, "आणि तीसुद्धा शाई संपलेल्या मशीनवरची." जत्रेत गाणाऱ्या बायकांविरुद्ध तर तिची कायमची तक्रार की त्या श्वास घेताना ऐकू येतात.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, बाई जिवंत आहे. श्वास घेणारच."

"घेऊ दे ना. भोंग्यात कशाला?"

अशा मुलीशी मैत्री कशी झाली असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. तिच्याकडं चांगला टेप होता, आणि गच्चीवर तिची आई आम्हाला खाकरे आणून द्यायची. बहुधा एवढंच.

जगात सगळंच टुकार होतं, एक कॅसेट सोडून. आमच्याच भागात फिरणाऱ्या एका फडाच्या मालकिणीची ती लावण्यांची कॅसेट. कव्हरावर मालकिणीचा फोटो, हिरवी नऊवारी, नाकात नथ, कमरेवर हात. या कॅसेटच्या कव्हरावर एकही काट नव्हती. बी बाजूला चौथी लावणी होती, नवऱ्यावर रुसलेल्या बाईची. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती बाई एक सूर लांब धरते, आणि तो सोडता सोडता हळूच हसते. गाण्यात बसवलेलं हसू नव्हतं ते. रुसवा आता फार वेळ टिकणार नाही हे तिचं तिलाच कळल्यासारखं, चुकून आलेलं. शेठची पोरगी ती जागा आली की टेपवर वाकायची, माझा दंड धरायची आणि कुजबुजायची, "आता... हसली बघ." मग रीळ मागं घ्यायची आणि पुन्हा. तेवढ्यापुरतं तिचं तोंड इतकं वेगळं दिसायचं की मी टेपकडं न बघता तिच्याकडंच बघायची.

आणि हीच मालकीण जत्रेत गायली की गच्चीवरून तिची सालं निघायची. "हसत नाही ती. कॅसेटीत जीव ओतून गाते आणि गावात नुसत्या पाट्या टाकते. खेड्यातल्या लोकांना काय कळतंय, असं वाटतं तिला." एक वर्ष, दोन वर्षं हेच चाललं. हिचं मत मुलं उचलायची, घरी न्यायची, पारावर आपलं म्हणून सांगायची. त्यांतल्या कुणाचा चुलता, कुणाचा बाप जत्रा कमिटीत. बघता बघता सगळीकडं बोललं जायला लागलं की बाई आता संपली, कॅसेटीसारखं गात न्हाई. दोन-तीन गावांनी तिचा फड सोडून दुसरा ठरवला. सगळं हिच्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. पण वाक्यं हिचीच होती.

बारावीची परीक्षा जवळ आली तेव्हा तिला बघायला पाहुणे आले. मुलगा लांबच्या गावचा, घरचा भुसार मालाचा व्यापार, माणसं चांगली. मुलाला काही विचारायचं असेल तर विचार, असं वडील म्हणाले. हिनं विचारलं, "तुमच्याकडं टेप आहे का?"

मुलगा म्हणाला, "रेडिओ आहे. भाव लागतात रोज."

त्याची आई समजुतीनं म्हणाली, "आमच्याकडं गाण्याचा नाद कुणालाच नाही बाळा. सकाळी स्तवन तेवढं म्हणतो."

लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. हे सगळं तिनं मला तिच्या नेहमीच्या नाक मुरडण्याच्या सुरात सांगितलं, पण मधेच थांबली आणि म्हणाली, "मला एकदा तिला समोर बसून ऐकायचंय. तिकडं गेल्यावर काही जमणार नाही ते. एकदाच. मग आयुष्यभर स्तवन म्हणीन."

"कुणाला? त्या मालकिणीला?" मी उडालेच. "तूच म्हणतेस ना पाट्या टाकते?"

"भोंग्यातनं येत नसेल," ती म्हणाली. "इतकं हळू हसणं भोंग्यातनं कसं येईल? समोर हसत असेल ती. माझंच चुकत असेल."

माझंच चुकत असेल! दोन वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला ते ऐकून खूप बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्या वर्षी आमच्या गावानं तोच फड ठरवला होता. आमचं गाव घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या अलीकडं. आम्ही बौद्ध, म्हणून देवाचा नैवेद्य आमच्या घरी नसायचा. पण देव सोडला म्हणून जत्रेचे पाहुणे कुणी सोडले नव्हते. माझ्या चुलत्यांचा कांदा शेठच्याच गाळ्यावर जायचा. ते स्वतः गाळ्यावर गेले आणि म्हणाले, "शेठ, पोरीला जत्रंला धाडा. आता सासरी जाणार ती. दिसभर ऱ्हाईल, सांच्याला आमी गाडीत बसवून देतो."

शेठनी विचार केला. "डबा घरचा घेऊन येईल ती. पाणीसुद्धा. आणि दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे."

त्यांना वाटलं तमाशा रात्रीच असतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या असतात, म्हणजे रात्रभर नाचून दमलेला फड पुन्हा उन्हात बसून लोकांच्या फर्माइशी गातो आणि बक्षिसं घेतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

हजेऱ्यांना बायका देवळाच्या भिंतीच्या सावलीला बसतात. आम्ही दोघी अगदी पुढं जाऊन बसलो. शेठच्या पोरीनं नवा ड्रेस घातला होता आणि स्टीलचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. फर्माइशी चालल्या होत्या. फेटे बांधलेली कमिटी खुर्च्यांवर रेलून बसली होती आणि आपापली नावं भोंग्यावर पुकारली जातात की नाही याकडं कान लावून होती. गाण्याकडं त्यांच्यातल्या कुणाचं लक्ष असेल तर शपथ. शेवटी कुणीतरी बी बाजूची ती लावणी मागितली, आणि मालकीण उठली.

कव्हरावरच्या फोटोतली बाई तीच, पण फोटो बराच जुना असावा. आवाज बसलेला. डोळ्यांखाली रात्रीचं काजळ उतरलेलं. पहिलं कडवं तिनं कसंबसं रेटलं. दुसरं आलं. सूर धरला, जेवढा धरवला तेवढा, आणि सोडून दिला. हसली नाही. ढोलकी पुढं निघाली.

आणि ही कार्टी उठून उभी राहिली.

"हसायचं राहिलं," ती मोठ्यानं म्हणाली.

ढोलकी थांबली. मालकिणीनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "काय राह्यलं?"

"दुसऱ्या कडव्याला शेवटी तुम्ही हसता. ते राहिलं."

पुरुषांमध्ये जो हशा उसळला तो अजून माझ्या कानात आहे. कमिटीतला एक जण खुर्चीतून ओरडला, "कुणाची रं ही पोरगी?" माझ्या चुलत्यांनी मान खाली घातली. मालकीण मात्र पक्की. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रातभर नाचल्यावर हसू येत न्हाई गं बाळा. तू ये हितं, तू हास." पुन्हा हशा. गाणं पुढं सुरू झालं. शेठची पोरगी खाली बसली, कानापर्यंत लाल होऊन. गावासमोर आपली शोभा झाली म्हणून मी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हते.

हजेऱ्या संपल्यावर एक बाई आम्हाला शोधत आली. "मालकीन बोलावत्यात. हसणारीला."

राहुटीत स्टोव्हवर चहा उकळत होता. मालकीण पाय लांब करून बसली होती, घोटे सुजलेले. आता ती फाडफाड बोलणार असं मला वाटलं, आणि माझी हरकत नव्हती.

"तुला ते हसू कुटं घावलं?" तिनं विचारलं.

"तुमच्या कॅसेटीत."

"माझी न्हाई ती," मालकीण म्हणाली. "फोटू माझा हाय. कंपनीचा मानूस आला, फोटू काडला, म्हनाला रेकाडिंगला बोलावतो. बोलावलंच न्हाई. म्हमईच्या कोन्या बाईकून गाऊन घेतलं न् वर माझा फोटू लावला." तिनं चहाचा घोट घेतला. "आन आता गावोगावची मानसं मला म्हन्त्यात, कॅसेटीसारकं गा. लोकं म्हन्त्यात बाई संपली. म्या बी मग दुकानातनं ती कॅसेट इकत आनली. बसून पाठ केली. समदं जमलं बघ, येवडं हसू तेवडं जमंना. कुनाला कळत न्हाई म्हनून सोडून देते. तुला कसं कळलं?"

शेठच्या पोरीच्या ओठांचा रंग गेला होता. मग तिनं विचारलं, "ती कोण? नाव काय तिचं?"

"कुनाला ठावं? असतील तसल्या लई. पैशे घेऊन गात्यात न् घरी जात्यात."

मला वाटलं ही आता रडणार. तिनं डबा खाली ठेवला. "ते आधी हसायचं नसतं," ती म्हणाली. "आधी श्वास सोडून द्यायचा. सगळा. मग उरतं तेवढ्यातच हसायचं." आणि तिनं ते करून दाखवलं. सूर धरला, सोडला, हसली. जी मुलगी वर्गात कविता म्हणायलाही उठत नसे तिनं फडाच्या राहुटीत अनोळखी बायकांसमोर ते हसू जसंच्या तसं काढलं. स्टोव्हपाशी बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

मालकिणीनं करून बघितलं.

"छे," शेठची पोरगी म्हणाली. "घशातून नको. परत."

मालकिणीनं परत केलं.

"हे तर खोकल्यासारखं झालं. परत."

पण ती थोराड बाई, जिच्यावर पंधरा-वीस माणसांचं पोट होतं, मांडी घालून शाळेतल्या पोरीसारखी परत परत हसत राहिली. बऱ्याच वेळानं ही म्हणाली, "हां. चालेल." एवढी मोठी तारीफ मी तिच्या तोंडून कुणाची ऐकली नव्हती.

फाट्यावर आम्ही एस.टी.ची वाट बघत बसलो. आमच्याकडची एस.टी. यायची तेव्हा यायची. तिनं डबा उघडला नव्हता. मी विचारलं, "झालं ना समाधान? ऐकलंस ना समोर बसून?"

"कुणाला?" ती म्हणाली.

"मालकिणीला," मी म्हटलं.

"मी चुकीच्या बाईला बघून आले," ती म्हणाली. "आणि जिला बघायचं होतं तिला नाव नाही, गाव नाही. मी आहे हेसुद्धा तिला माहीत नाही. आता मी तिला कुठं शोधू? माझ्याकडं दिवस किती उरलेत?" आणि मग ती रडली, हमसून हमसून. डंपरवाले बघत जात होते. मला तिची इतकी दया आली की मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आपण नाव ठेवू तिला."

तिनं नाक पुसलं. मी एक नाव सांगितलं. "छे. अशा नावाची बाई रुसलेली राहील, हसणार नाही." मी दुसरं सांगितलं. "ही तर टीव्हीवर बातम्या देईल." तिसरं सांगितलं. "या नावाच्या आमच्या तीन मावश्या आहेत, एकीलाही सूर नाही." ऊन उतरेपर्यंत मी नावं सुचवत होते आणि ती एकेक नाव मोडीत काढत होती. एस.टी. आली, आम्ही चढलो, खिडकीशी बसून मंचरपर्यंत तेच चाललं. एकही नाव तिला पसंत पडलं नाही. दिवेलागणीच्या आत मी तिला घरी पोचवलं.

वैशाखात तिचं लग्न झालं. सासरकडं मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. विधी आटोपल्यावर तिच्या मोठ्या दिरानं माइक हातात घेतला आणि मांडवातल्या भोंग्यांवरून तिचं नवं नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं सरकून तिच्या तोंडाकडं बघत राहिले. आता ती छे म्हणेल, म्हटलं. आता नाक मुरडेल, काहीतरी असं बोलेल की त्या दिराला माइक कुठं ठेवू असं होईल. मी मनापासून वाट बघत होते. तिनं मान खाली घातली आणि सासूच्या पाया पडली.

ते नाव मला आवडलं नाही. तिला त्या नावानं मी अजून एकदाही हाक मारलेली नाही.